ब्रेक मोठा, चाक लहान!

गाडी 'मॉडिफाय' करायची म्हटलं की हॉस्टेलमधली चर्चा हॉर्सपॉवरपासून सुरू होते आणि रात्री दोनला मोठ्या ब्रेकपर्यंत येते. पण तो मोठा ब्रेक मूळच्या चाकात मावणार का, हे कोणी विचारत नाही! आमच्या वर्कशॉपमधल्या जुन्या मारुती ८०० ला पुढे २४० मिमीची डिस्क बसवायचं काम यंदा आमच्या ग्रुपकडे आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

८०० चं चाक १२ इंची, म्हणजे ३०५ मिमी. डिस्क २४०. वरवर पाहता जागाच जागा. पण ३०५ हे माप टायरची कडा जिथे बसते तिथलं. टायर चढवता यावा म्हणून रिमला मधे एक खोलगट भाग असतो, तो दोन्ही बाजूंनी साधारण १७-१७ मिमी आत येतो. पत्र्याची जाडी वजा केली की आत उरतात जेमतेम २६४ मिमी, म्हणजे केंद्रापासून १३२. आणि डिस्कवरून वळसा घालणाऱ्या आमच्या कॅलिपरची पाठ येते १३५ वर. फट सोडाच, उलट ३ मिमी कमी पडतात!

मेसच्या टेबलावर लगेच सल्ला मिळतो, "कॅलिपर ग्राइंड कर ना यार!" हे मात्र कदापि करू नये. ७० बार प्रेशर आणि ४८ मिमीचा पिस्टन घ्या, गुणाकार करा. सव्वा टनाहून जास्त जोर येतो, आणि तो कॅलिपरला उघडायला बघत असतो. त्याला धरून ठेवते ती हीच पाठ. घाट उतरताना तिथे घासून पातळ केलेलं मेटल असावं असं कोणाला वाटेल?

दुसरा सल्ला स्पेसरचा. तो अगदीच चुकीचा नाही. खोलगट भाग बहुधा रिमच्या बाहेरच्या बाजूला असतो, त्यामुळे चाक बाहेर सरकलं की कॅलिपर रुंद भागात येतो. पण ५ मिमीच्या स्पेसरने स्टडचे ५ मिमी आटे खाल्ले. पिच १.२५ असेल तर चार आटे गेले. नट निदान स्टडच्या जाडीइतका आत गेला पाहिजे, नाहीतर लांब स्टड घाला. शिवाय बेअरिंगवर लोड वाढतो आणि खड्ड्यात टायर फेंडरला लागू शकतो, ते वेगळंच.

आम्ही १३ इंची रिम घेतोय. त्याच हिशोबाने केंद्रापासून १४५ मिमी मिळतात, १० मिमी फट. मात्र फुकट काही नाही. १४५/७० आर १२ टायरचा व्यास ५०८ मिमी, १५५/६५ आर १३ चा ५३२. म्हणजे स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६३ ला असेल, आणि मोठ्या ब्रेकचा थोडा फायदा मोठा टायरच खाऊन टाकेल.

आता फट मोजायची कशी? लहान मुलांची रंगीत क्ले आणा. कॅलिपरच्या पाठीवर आणि चाकाच्या तोंडाकडच्या बाजूला तिचे गोळे चिकटवा, चाक बसवून नट आवळा, हाताने हळू फिरवा, काढा. दबलेली क्ले ब्लेडने कापून व्हर्नियरने मोजा. आम्ही ३ मिमीच्या खाली जायचं नाही असं ठरवलंय. याला कारण उष्णता नव्हे. डिस्क ३०० अंशांनी तापली तरी त्रिज्या अर्धा मिमीसुद्धा वाढत नाही. पण वळणावर रिम आणि हब लवतात, आणि आपल्या रस्त्यांवरचा खडा फटीत अडकला तर रिमला आतून चरे पडतात. अलॉय असेल तर आत चिकटवलेली बॅलन्सिंगची वजनंही मोजणीत धरा.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. तरंगता कॅलिपर असेल तर ही मोजणी नव्या पॅडवरच करायची. पॅड झिजतात तसा कॅलिपर आत सरकतो, त्यामुळे झिजलेल्या पॅडवर बाहेरची फट मोठी दिसते. नवे पॅड टाकल्या दिवशी चाक घासायला लागतं!

होजचं काम जॅकवर अर्धंच होतं. चाक लोंबकळत असताना, मग गाडी जमिनीवर आल्यावर, दोन्ही वेळा स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवून बघा. होज कुठे ताणला जाऊ नये, टायरला लागू नये. डिस्कमागचा पातळ पत्रा घासत असेल तर तो मात्र खुशाल कात्रीने कापा.