धनीपण दंडुक्यानें येत नाहीं

घरांत कुत्र्याचें पिलूं आणलें कीं, चार दिवसांत शेजारीपाजारी उपदेश करूं लागतात. त्याला पहिल्यापासून धाकांत ठेवावें, आधीं आपण जेवावें व मग त्याला घालावें, आणि तें गुरगुरलेंच तर मानगूट धरून उताणें पाडावें. म्हणजे धनी कोण हें त्याला कायमचें कळतें! कुत्रा हा लांडग्याचा वंशज आणि लांडग्यांच्या कळपांत जो बलिष्ठ तोच नायक, हा या उपदेशाचा पाया.

कुत्र्याला नायक हवा असतो, हें खरें. परंतु तो नायक कसा असावा, याविषयींची ही कल्पना भ्रामक आहे. रुडॉल्फ शेंकेल या संशोधकानें स्वित्झर्लंडांतील बाझल येथील प्राणिसंग्रहालयांत लांडग्यांचें निरीक्षण करून १९४७ सालीं आपला निबंध प्रसिद्ध केला. अग्रस्थानासाठीं लांडगे परस्परांशीं झगडतात, असें त्याला दिसलें. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ डेव्हिड मेक यांच्या १९७० सालच्या ग्रंथानें ही कल्पना सर्वत्र पसरविली. पण कुंपणांत कोंडलेल्या लांडग्यांना भांडण टाळून दूर जाण्यास वाटच नसते. तुरुंगांतील वागणुकीवरून गृहस्थाश्रमाची कल्पना करावी, तसा हा प्रकार झाला.

पुढें १९८६ पासून मेक यांनीं कॅनडाच्या अति उत्तरेकडील एल्समीअर बेटावर मोकळ्या लांडग्यांचा एक कळप अनेक उन्हाळे जवळून पाहिला. १९९९ सालीं त्यांनीं आपलें मत बदलून लिहिलें कीं, रानांतील कळप म्हणजे बहुधा एक जोडपें व त्याचीं मुलें. तेथील पुढारी हे लढाई जिंकलेले सरदार नसून आईबाप असतात. शिवाय कुत्रा माणसाच्या सोबतीला येऊन निदान चौदा हजार वर्षें लोटलीं आहेत. लांडग्याचे नियम त्याला जसेच्या तसे लागूं पडत नाहींत.

हा भेद केवळ पंडितांच्या वादाचा नाहीं. गुरगुरणें ही कुत्र्यानें दिलेली पूर्वसूचना होय. तिच्याबद्दल मार बसला कीं त्याची भीति जात नाहीं, सूचना मात्र बंद होते. मग एखादे दिवशीं तो न गुरगुरतां चावतो, आणि पुष्कळदां त्याच्याजवळ खेळणारें घरांतलें मूलच त्याच्या तडाख्यांत सांपडतें. त्यानंतर कुत्र्याची रवानगी रस्त्यावर होते.

मग अधिकार मिळवावा कसा? एडवर्ड थॉर्नडाइक यानें १८९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या मांजरांवरील प्रयोगांत असें आढळलें कीं, ज्या कृतीनंतर सुख लाभतें ती कृति प्राणी पुन्हां करतो. कुत्र्याचें शिक्षण याच तत्त्वावर चालतें. ‘बस’ म्हटल्यावर तो बसला कीं तत्क्षणीं पोळीचा तुकडा द्यावा. दोन-चार क्षणांचा विलंब झाला तरी बक्षीस कशाचें हें त्याला उमगत नाहीं. अंगावर उड्या मारूं लागला तर पाठ फिरवावी व चारही पाय जमिनीवर टेकले कीं कौतुक करावें. बाहेर निघतांना, जेवण वाढतांना, साखळी सोडतांना त्याला क्षणभर बसावयास लावावें. आपल्याला हवें तें धन्याच्या हातून, आणि शांतपणानें वागल्यावरच मिळतें, हें त्याच्या ध्यानीं येतें. धनीपण तें हेंच.

यांत खरी कसोटी असते ती घरांतल्या माणसांची. वडील ‘बस’ म्हणतात, आई ‘खालीं बस’ म्हणते, मुलगा ‘सिट’ म्हणून ओरडतो. आज पलंगावर लाडानें घेतात आणि उद्यां त्याच पलंगावरून हांकलतात. अशा घरांत कुत्रा आज्ञा मोडतो असें म्हणणें व्यर्थ, कारण आज्ञाच निश्चित नसते. सर्वांनीं एक शब्द व एक नियम पाळावा, आणि रोज पांच-दहा मिनिटांचे दोन पाठ घ्यावे. तिसऱ्या आठवड्यापासून सुमारें चौदाव्या आठवड्यापर्यंत पिलाचें मन अतिशय संस्कारक्षम असतें. त्या काळांत माणसें, मुलें व वाहनें यांची त्याला हळूहळू ओळख करून द्यावी. प्रौढ कुत्रा चावूं लागला असेल, तर आधीं त्याला कांहीं दुखतें कीं काय, हें पशुवैद्याकडून पाहून घ्यावें.

कुत्र्याचें शेपूट वांकडें तें वांकडेंच, ही म्हण शेपटापुरती खरी असेल. कुत्र्याच्या बुद्धीला ती लावूं नये.