जर्मनीला जायचंय? आधी शिकवणी नीट तपासा

२०२४ मध्ये राज्य सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हापासून आपल्याकडे जर्मन शिकवणीच्या पाट्या वाढल्यात. माझ्या पुतणीचं जीएनएम झालंय. भावाने विचारलं, "दादा, क्लासवाला ४५ दिवसांत बी-१ करून देतो म्हणतो. पैसे आधीच भरायचे. कांदा विकून भरू का?" म्हणून हा लेख.

जर्मन भाषेच्या सहा पायऱ्या आहेत. ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१, सी-२. तिकडे पगार घेत काम शिकायचं (त्याला आउसबिल्डुंग म्हणतात) तर साधारण बी-१ लागतं. नर्स म्हणून पूर्ण मान्यता हवी तर बहुतेक ठिकाणी बी-२, आणि इथल्या शिक्षणाची तिकडे तपासणी होते ती वेगळीच.

आता हिशोब करा. गोएथे इन्स्टिट्यूट, म्हणजे पुण्या-मुंबईतलं मॅक्स म्युलर भवन, बी-१ पर्यंत पोचायला ४५ मिनिटांच्या ३५० ते ६५० तासिका सांगतं. सगळ्यात कमी आकडा धरला तरी ४५ दिवसांत रोज आठ तासिका झाल्या. मग घरचा अभ्यास कधी करणार? रोज दोन तासिका, आठवड्याला पाच दिवस, असं धरलं तर कमीत कमी आठ महिने. जास्तीचंच धरून चाला.

क्लासचं सर्टिफिकेट व्हिसाला चालत नाही, हेही ध्यानात घ्या. गोएथे, टेल्क, ओएसडी अशा मान्य परीक्षेचंच लागतं. गोएथेच्या बी-१ मध्ये वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं असे चार भाग असतात, प्रत्येकात ६० टक्के हवेत. एखादा राहिला तर तेवढाच परत देता येतो.

मास्तर निवडताना त्यांची स्वतःची पायरी विचारा, सर्टिफिकेट बघायला मागा. लाजायचं काय त्यात? बैल घेताना दात बघतोच की आपण. फी एका पायरीपुरतीच भरा, पावती घ्या. आणि एक तास फुकट बसू देतात का ते बघा. त्या तासात पोरगी बोलली किती आणि मास्तर किती, ते मोजा.

मराठी येणारा मास्तर मिळाला तर सोनंच. इंग्रजीतून शिकणारा जिथे अडतो तिथे आपली पोरं अडत नाहीत. आपल्या तो-ती-ते सारखं त्यांचं डेर-डी-डास. फक्त लिंग जुळेलच असं नाही, आपला काटा 'तो', त्यांचा 'ती'. पंचवीस म्हणताना आपण पाच आधी, वीस नंतर म्हणतो, जर्मनही तसंच, फ्युन्फ-उंड-त्स्वान्त्सिश. 'कारण मी आजारी आहे' मधला 'आहे' शेवटी येतो, त्यांच्यातही 'कारण' नंतर तो शेवटीच जातो. तू आणि तुम्हीचा फरकही आहे.

नोकरी लावून देतो म्हणणारा एजंट असेल तर त्याचं नाव केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघा. नोंदणी असलेल्या एजंटालाही ३० हजार रुपये आणि जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही.

भावाने तिथे पैसे भरले नाहीत. पुतणी आता ऑनलाइन एका बाईंकडे शिकते, ए-२ चालू आहे. रेंज गच्चीवरच मिळते, म्हणून सकाळी सहाचा तास धरलाय.