मोबाईलमधून घरात येणारी भीती

गटाच्या हप्त्यांचं पुढच्या वेळी बघू. आज भीतीबद्दल बोलायचं आहे.

२६ नोव्हेंबर २००८ ला अतिरेक्यांनी मुंबईवर हल्ला केला. १६६ माणसं गेली. पोखर्णी तिथून कितीतरी लांब, पण टीव्हीवर जळणारं ताज हॉटेल आपणही पाहिलं. अतिरेकी मारतो थोड्यांना आणि घाबरवतो सगळ्यांना. ती भीती घरोघरी पोचवायचं काम तेव्हा टीव्ही करायचा. आता ते आपल्या हातातला मोबाईल करतो, आणि त्याला खरी घटनाही लागत नाही.

धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं गाव आहे. १ जुलै २०१८, बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे पाच जण तिथे आले होते. नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागत गावोगाव फिरणारे. त्या दिवसांत मोबाईलवर 'मुलं पळवणारी टोळी आली आहे' असे मेसेज फिरत होते. लोकांना संशय आला, जमाव जमला. पाचही जणांना ठार मारलं. तेही ग्रामपंचायतीच्या कार्यालयात! टोळी वगैरे काही नव्हतीच. २०२४ मध्ये न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. म्हणजे उघड्यावर आली ती मंगळवेढ्याकडची घरं, आणि तिकडची सात घरंही.

असा मेसेज आपण पुढे का पाठवतो? तो भावजयीकडून, मावशीकडून आलेला असतो. माणूस विश्वासाचं म्हणून मेसेजही विश्वासाचा वाटतो. शिवाय मनात येतं, नाही पाठवला आणि कुणाचं लेकरू खरंच गेलं तर? आईची माया खरीच असते, आणि अफवा तिच्यावरच पोसते. त्याच जुलैत व्हॉट्सॲपने एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, असं भारतात करायला घेतलं. पण पाच बायांनी पाच-पाच गटांत टाकला, तर तो तालुकाभर जायला वेळ लागत नाही.

आपल्याकडे नृसिंहाच्या दर्शनाला परगावची माणसं येतात. अनोळखी तो चोर म्हणायचं ठरवलं, तर आपल्या गावात कोण येईल? खरंच संशय आला तर ११२ ला फोन करा. हात कुणी उचलायचा नाही.

आता नवीन फसवणूक निघाली आहे. व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या कपड्यातला माणूस म्हणतो, 'तुमच्या आधारवर घेतलेलं सिम अतिरेक्यांकडे सापडलंय, तुम्हाला डिजिटल अटक केली आहे, कुणाला सांगू नका.' मग सुटकेसाठी पैसे मागतो. बायांनो, फोनवर अटक करण्याची सोय कुठल्याच कायद्यात नाही. 'कुणाला सांगू नका' म्हटलं की समजा, लबाड आहे. फोन ठेवा, घरात सांगा. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवा. लवकर कळवलं तर रक्कम अडवता येते. पुष्कळ घरांत मोबाईल मुलाकडे किंवा मालकाकडे असतो, तेव्हा हा नंबर त्यांनाही लिहून द्या.