कळवळ्यातली कळ

‘हल्ली कुणाला कशाचा धाकच उरला नाही’ हे वाक्य आपल्याकडे रोज कुठे ना कुठे कानावर पडतं. कायद्याचा, देवाचा, वडीलधाऱ्यांचा धाक असेल तरच माणूस सरळ वागतो, असा त्यामागचा समज. दुसरे म्हणतात, चांगुलपणा मुळात मायेतून येतो. या वादात एक साक्ष उंदरांची आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते.

२०११ साली शिकागो विद्यापीठात इनबाल बेन-अमी बार्ताल, जाँ डेसेटी आणि पेगी मेसन यांनी दोन आठवडे एकत्र राहिलेल्या उंदरांच्या जोड्या घेतल्या. एकाला अरुंद पारदर्शक नळीत कोंडलं, दुसऱ्याला मोकळं सोडलं. दार फक्त बाहेरून उघडणारं. मोकळा उंदीर नळीभोवती घिरट्या घाली, तिला चावे, फटींतून सोबत्याला हुंगायला बघे. काही दिवसांत बहुतेकांना दार ढकलायची युक्ती सापडली आणि मग ते झटपट दार उघडू लागले. नळी रिकामी असेल किंवा आत खेळण्यातला उंदीर असेल, तर दाराशी एवढी खटपट कुणी करत नसे. शेजारच्या नळीत चॉकलेटचे ५ तुकडे ठेवून पाहिले. उंदरांनी दोन्ही दारं उघडली आणि बऱ्याचदा खाऊ सोबत्यासाठीही उरवला.

इथे मायेची बाजू जिंकली असं वाटतं. पण २०१६ मध्ये याच संशोधकांनी मोकळ्या उंदरांना मिडॅझोलाम हे चिंता शमवणारं औषध दिलं. चॉकलेटची नळी ते उघडत होते, म्हणजे हातपाय गळाले नव्हते. सोबत्याची नळी मात्र उघडेनात. आतल्याची घालमेल बाहेरच्याला जाणवत होती, जीव कासावीस करत होती, म्हणून तो दाराशी जात होता. औषधाने ती घालमेल थांबली आणि मदतही थांबली. ‘कळवळा’ या आपल्या शब्दात ‘कळ’ ऐकू येते, ती अशी.

म्हणून माया की भीती, ही मांडणीच मला चुकीची वाटते. भीती दोन्हीकडे आहे; प्रश्न ती कुणासाठी वाटते एवढाच. स्वतःच्या कातडीसाठीची भीती फार दूर नेत नाही. इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या १० पाळणाघरांचा अभ्यास उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी यांनी २००० साली प्रसिद्ध केला. मुलाला न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना ६ पाळणाघरांत दंड लावला, तर उशीर करणारे घटण्याऐवजी जवळजवळ दुप्पट झाले. आपल्यामुळे बाई ताटकळतात ही टोचणी गेली. तिच्या जागी उशिराची किंमत आली. पुढे दंड काढून टाकला, तरी ती टोचणी परतली नाही.

दुसऱ्यासाठीच्या भीतीलाही कुंपण असतं. नळीच्या अशाच एका प्रयोगात पांढरे उंदीर अनोळखी पांढऱ्यांना सोडवत, काळ्या डोक्याच्या अनोळख्यांना नाही. पण जन्मापासून काळ्यांत वाढलेला पांढरा उंदीर अनोळखी काळ्याला सोडवी आणि स्वतःच्या रंगाच्या अनोळख्याला नळीतच राहू देई. रक्ताचं नातं नव्हे, सहवास मोजला जात होता.

म्हणून पालकांना एक विनंती. पोराने खेळताना कुणाला ढकललं, तर ‘थांब, बाबांना सांगते’ म्हणण्याआधी त्याला जवळ घ्या आणि पडलेल्या मुलाचं खरचटलेलं कोपर नीट बघायला लावा. आणि त्या मुलाला उद्या घरी खेळायला बोलवा.