पंधरा वर्षांच्या मुलीनें काय वाचावें?

एका तालुक्याच्या गांवच्या गृहस्थांनीं आमच्याकडे एक पत्र पाठविलें आहे. पत्रकर्ते स्वतः शिक्षक आहेत. घरीं पुस्तकांचें एक कपाट आहे, आणि मुलगी यंदा दहावींत आहे. त्यांची तक्रार अशी कीं, मुलीच्या वाचनास कांहीं धरबंध राहिला नाहीं. सोमवारीं भुताखेतांच्या गोष्टी, मंगळवारीं ताऱ्यांचें पुस्तक, बुधवारीं कविता, आणि मग आजीच्या उशाशीं पडलेलें एखादें जुनें मासिक. एकही विषय ती धड धरून ठेवीत नाहीं. तिचें मन एका ठिकाणीं स्थिर होईल अशा, व तिच्या वयास शोभतील अशा पुस्तकांची यादी द्यावी, आणि कोणतीं पुस्तकें तिच्या हातीं पडूं देऊं नयेत तेंही कळवावें, अशी त्यांची विनंति आहे. पत्र सद्भावनेनें लिहिलेलें आहे, म्हणूनच त्याचें उत्तर सविस्तर देणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम तक्रारीविषयींच बोलूं. पंधरा वर्षांच्या मुलीची आवड चोहोंकडे धांवते हा दोष आहे, असें आम्हांस वाटत नाहीं. याच वयाचा मुलगा एका आठवड्यांत भुतें, तारे आणि कविता यांचा फडशा पाडूं लागला, तर त्याचे वडील शेजाऱ्यांस अभिमानानें सांगतात कीं, पोरगा भारी चौकस आहे. तेंच मुलीनें केलें कीं तिचें मन थाऱ्यावर नाहीं असें ठरतें. मुलाच्या वाचनाची यादी त्याच्या जिज्ञासेवरून करावयाची आणि मुलीची मात्र तिच्या पुढील संसारावरून, ही वहिवाट आपल्याकडे फार जुनी आहे. पूर्वीं तिच्या वांट्यास व्रतकथा आणि पाकशास्त्र येत असे. आतां ‘संस्कारक्षम’ या नांवाखालीं निराळीं पुस्तकें येतात, पण कपाटाची किल्ली ज्याच्या कनवटीस होती त्याच्याच कनवटीस आहे. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’विषयीं आमच्या मनांत पूर्ण आदर आहे, परंतु बक्षीस म्हणून तेंच पुस्तक तीन-तीन वेळां मिळालेल्या मुली आम्हीं पाहिल्या आहेत, आणि तिसऱ्या प्रतीनें त्यांच्या ठिकाणीं कोणता नवा संस्कार झाला हें कोणी सांगूं शकत नाहीं.

यादीच हवी असेल तर आम्ही आरंभ अशा पुस्तकानें करूं, कीं जें मुलींसाठीं म्हणून कोणीं लिहिलेलेंच नाहीं. आजच्या रायगड जिल्ह्यांतील वरसई गांवचे विष्णुभट गोडसे हे कर्जांत बुडालेल्या घरांतले भिक्षुक. दक्षिणा मिळवून आणावी या हेतूनें ते १८५७ सालीं उत्तरेकडे निघाले, आणि उठावाच्या ऐन वणव्यांत सांपडले. झांशीस इंग्रजांचा वेढा पडला तेव्हां ते शहरांत होते. राणी लक्ष्मीबाईंस त्यांनीं प्रत्यक्ष पाहिलें. मिळविलेलें द्रव्य लुटलें गेलें. आणि अखेर आईबापांसाठीं गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन ते घरीं परतले. हा वृत्तांत त्यांनीं उतारवयांत लिहून काढला, आणि चिंतामण विनायक वैद्य यांनीं ग्रंथकर्त्याच्या मृत्यूनंतर १९०७ सालीं तो ‘माझा प्रवास’ या नांवानें छापला. ज्या मुलीस अंगावर कांटा आणणारें वाचण्याची हौस आहे, तिला झांशीच्या लुटीचे दिवस वाचतांना रात्र पुरणार नाहीं. पाठ्यपुस्तक जें चार ओळींत उरकतें, तें येथें एका भ्यालेल्या, भुकेल्या माणसाच्या तोंडून कळतें.

याच जातीचें दुसरें पुस्तक म्हणजे धर्मानंद कोसंबी यांचें ‘निवेदन’. तें १९२४ सालीं प्रसिद्ध झालें. गोव्यांतील सांखवाळ गांवचा हा तरुण बुद्धाचा धर्म समजून घेण्यासाठीं पुणें, काशी, नेपाळ असा भटकत थेट सिंहलद्वीपास पोंचला. जवळ पैसा नाहीं, ओळखीचें कोणी नाहीं, आणि शिकण्याची भूक मात्र विलक्षण. घरीं पत्नी व तान्ही मुलगी यांस मागें ठेवून तो निघाला होता. पत्रकर्त्यांची मुलगी हें वाचतांना त्या मागें राहिलेल्या बाईचें काय झालें असें विचारील. तो प्रश्न तिनें अवश्य विचारावा, आणि वडिलांनीं तो हंसण्यावारी नेऊं नये.

कारण त्या प्रश्नाचें एक उत्तर दुसऱ्या एका घरांतून आलेलें आहे. नारायण वामन टिळक हे कवि, मनाचे मोठे पण लहरी. १८९५ सालीं ते ख्रिस्ती झाले, आणि त्यांची पत्नी लक्ष्मीबाई मागें राहिल्या. या बाईंस अक्षरओळख झाली तीच मुळीं लग्नानंतर, नवऱ्याच्या हाताखालीं. सोंवळ्याच्या धाकांत वाढलेल्या या स्त्रीनें पुढें कांहीं वर्षांनीं स्वतःच्या विचारानें तोच मार्ग धरला, आणि टिळकांनीं अपुरें ठेवलेलें ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पश्चात् पुरें केलें. हें सर्व त्यांनीं ‘स्मृतिचित्रें’ या आत्मचरित्रांत सांगितलें आहे. तें १९३४ पासून भागाभागांनीं निघालें. इतकें सोसलेल्या बाईनें इतकें हंसवावें, याचें आम्हांस आजही आश्चर्य वाटतें. बोलणारी बाई समोर बसली आहे, तिला निवडतांना हातांतल्या सुपाचाही विसर पडला आहे, असें तें गद्य आहे. आमच्या मतें मराठींत पंधरा वर्षांच्या मुलीस देण्याजोगें एकच पुस्तक निवडावयाचें झालें तर तें हेंच. रमाबाई रानडे यांच्या १९१० सालच्या आठवणी त्याच्या जोडीनें वाचाव्या. अकराव्या वर्षीं लग्न होऊन आलेली मुलगी नवऱ्याच्या इच्छेनें शिकूं लागते आणि घरांतल्या बायकाच तिला टोंचून खातात, ही हकीकत आजच्या वाचकिणीस अगदींच परकी वाटेल असें मानण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं.

आतां भुतांकडे वळूं. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथा हातीं पाहून पुष्कळ वडील माणसांच्या कपाळास आंठ्या पडतात. आमच्या मतें ही भीति अनाठायीं आहे. रात्रीं दिवा मालवण्यास न धजणारी मुलगी निदान हें तरी शिकते कीं, नुसत्या शब्दांनीं माणसाच्या छातीचे ठोके वाढवितां येतात. तेथून विज्ञानकथेचा उंबरठा दूर नाहीं. जयंत नारळीकर यांनीं १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली, ती नारायण विनायक जगताप या टोपणनांवानें. आपल्या कीर्तीमुळें परीक्षकांनीं झुकतें माप देऊं नये म्हणून. कथेस पहिलें पारितोषिक मिळालें. त्यांचा ‘यक्षांची देणगी’ हा संग्रह ताऱ्यांच्या पुस्तकाशेजारीं खुशाल ठेवावा. एक उणीव मात्र सांगणें भाग आहे. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मुलींनींही तितक्याच आवडीनें वाचला. पण सायकलवरून चोरांचा माग काढणारा नायक बहुतेक वेळां मुलगाच असावयाचा, आणि वाचणाऱ्या मुलीनें मनांतल्या मनांत तोच व्हावयाचें, अशी आपल्या बालवाङ्मयाची बरीच वर्षें रीति होती. आजच्या लेखकांनीं ही उणीव मनावर घ्यावी.

कवितेविषयीं फार लिहीत नाहीं. ती जिची तिला सांपडते. बहिणाबाई चौधरी यांचीं गाणीं मात्र घरांत असावीं. लिहितां-वाचतां न येणाऱ्या या खानदेशी शेतकरणीची कविता तिच्या मृत्यूनंतर १९५२ सालीं पुस्तकरूपानें बाहेर आली, आणि पदवीधर कवि खालीं मान घालून ती वाचूं लागले. दुर्गा भागवत यांचें ‘ऋतुचक्र’ हें बाराही महिन्यांचें पुस्तक एका दमांत वाचूं नये. ज्या महिन्याचें प्रकरण त्या महिन्यांत वाचावें. आणि महाभारत माहीत आहे असें मुलीस वाटूं लागलें कीं इरावती कर्वे यांचें ‘युगान्त’ तिच्यापुढें ठेवावें, म्हणजे तें वाटणें कमी होईल.

राहिला तो दुसरा प्रश्न, म्हणजे कोणतीं पुस्तकें हातीं पडूं देऊं नयेत. पत्रकर्त्यांनीं नांवें लिहिलेलीं नाहींत, पण त्यांचा रोख आम्हांस कळतो. १९३३ सालीं ‘कळ्यांचे निःश्वास’ हें पुस्तक निघालें तेव्हां महाराष्ट्रांत केवढा गहजब झाला! शिकलेल्या, कमावत्या, अविवाहित मुलींच्या मनांतलें त्यांत उघड बोललें होतें, एवढाच अपराध. आणि तेवढ्यासाठीं मालतीबाई बेडेकर यांस विभावरी शिरूरकर या नांवाच्या आड उभें राहावें लागलें. त्याच्याही पन्नास वर्षें आधीं, १८८२ सालीं, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा लहानसा, जळजळीत निबंध छापला. तो पुढें इतका विस्मृत झाला कीं स. गं. मालशे यांनीं १९७५ सालीं पुनः प्रसिद्ध करीपर्यंत तो फारसा कोणास ठाऊक नव्हता. हीं दोन्ही पुस्तकें कपाटांत वरच्या खणांत, मागल्या रांगेंत असतील, तर तीं पुढें आणून ठेवावीं असा आमचा आग्रह आहे. घरांत लपविलेलें पुस्तक मुलगी वाचीत नाहीं असें नव्हे. ती तें एकटीनें वाचते, आणि जें कळलें नाहीं तें कोणास विचारावें हें तिला उमगत नाहीं. हल्लीं तर हातांतल्या मोबाईलवर याहून कितीतरी हीन मजकूर कोणाच्याही परवानगीवांचून येऊन पडतो. तेव्हां आईनें व मुलीनें एकच पुस्तक पाळीपाळीनें वाचावें, हा त्यांतल्या त्यांत सुरक्षित मार्ग. कांहीं पुस्तकांस वय लागतें, हें आम्हांसही मान्य आहे. पण तें वय बहुधा पुस्तकच ठरवितें. जें अजून आपलें नाहीं तें मुलगी दहा पानांवर कंटाळून मिटते.

आणि पंधरावें वर्ष म्हणजे अजाण वय, अशी समजूत असेल तर मुक्ता साळवे आठवावी. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेंतली ही मांग जातीची मुलगी. १८५५ सालीं, वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास, तिनें मांग-महारांच्या दुःखाविषयीं लिहिलेला निबंध ‘ज्ञानोदया’नें छापला. त्यांतील प्रश्नांचीं उत्तरें पुढें कित्येक मोठ्या माणसांस देतां आलीं नाहींत. तिच्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनीं फलटणच्या बेबी कांबळे आपल्या लहानशा दुकानांत बसून गिऱ्हाईक नसेल तेव्हां लिहीत, आणि लिहिलेले कागद घरच्यांपासून लपवून ठेवीत. वीस वर्षें ते कागद तसेच राहिले. ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपानें निघालें तें १९८६ सालीं. पत्रकर्त्यांच्या यादींत हें नांव आम्ही आमच्या हातानें घालीत आहों.

परंतु यादीनें काय होणार? मुलीस वाचावयास वेळ कोणता, हें पत्रांत कोठेंच नाहीं. पुष्कळ घरीं मुलगा पुस्तक घेऊन बसला कीं आवाज खालीं येतात; मुलगी बसली कीं तिला हांक येते. भांडीं झाल्यावर, धाकट्यास निजविल्यावर, अभ्यास उरकल्यावर जो वेळ उरेल तो तिच्या वाचनाचा, आणि तोंवर तिचे डोळे मिटूं लागलेले असतात. आमच्या लहानपणीं घरचें वाचनालयाचें सभासदत्व आमच्या नांवें होतें, थोरल्या बहिणीच्या नव्हे. ती चिठ्ठीवर पांच नांवें लिहून देई. आम्ही पहिलें मिळेल तें उचलून खेळावयास पळत असूं. त्या चिठ्ठीवरचें पांचवें नांव तिनें वर्षभर न चुकतां लिहिलें. आम्हीं तें कधींच आणलें नाहीं, आणि तें कोणतें पुस्तक होतें हें आज कितीही आठविलें तरी आठवत नाहीं.

पुण्याचें नगर वाचन मंदिर १८४८ सालचें, ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चें, मुंबईचें १८९८ चें. आणि १९६७ सालीं महाराष्ट्रांत सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाल्यापासून लहान गांवांतूनही वाचनालयें उभीं राहिलीं आहेत. पत्रकर्त्यांच्या तालुक्यासही एखादें असेलच. येत्या रविवारीं त्यांनीं मुलीस घेऊन तेथें जावें, आणि सभासदत्वाच्या अर्जावर तिचें नांव तिलाच लिहूं द्यावें. वाचनाचा एक तास ठरवावा, व त्या तासांत तिच्या वांट्याचें काम तिच्या भावानें किंवा स्वतः वडिलांनीं करावें. पहिल्या खेपेस ‘स्मृतिचित्रें’ आणि ‘माझा प्रवास’ हीं दोन आमच्या वतीनें मागून घ्यावीं. तिसरें पुस्तक ती कपाटापुढें उभी राहून स्वतः निवडील. तोंवर वडिलांनीं बाहेरच्या बांकावर वर्तमानपत्र वाचीत बसावें.