चामड्याच्या खुशबूचा मिजाज

पुरुषांच्या अत्तर-सेंटच्या धंद्यात ‘लेदर’ या नावाला आज चांगली मागणी आहे. परदेशी कंपन्यांच्या महागड्या बाटलीपासून अत्तरवाल्याच्या तीन मिलीच्या शिशीपर्यंत हे नाव दिसते. मालाबरोबर एक शख्सियतही विकली जाते : रुबाबदार, कमी बोलणारा, स्वतःच्या हिमतीवर उभा असलेला माणूस. मुलाखतीला किंवा लग्नाच्या बोलणीला निघालेला तरुण या चित्रापायी हजारो रुपये मोजतो. तेव्हा हा माल काय आहे आणि हे चित्र कोठून आले, हे विकणाऱ्याने व घेणाऱ्याने दोघांनीही समजून घ्यावे.

बाटलीत चामडे नसते

गुलाबापासून रूह निघते, चंदनापासून तेल निघते. चामड्यापासून मात्र असे तेल काढून बाटलीत भरत नाहीत. हा वास अनेक जिनसा मिसळून बांधावा लागतो. त्यात भूर्ज झाडाची साल बंद भांड्यात तापवून काढलेले काळे, धुरकट तेल असते. शिलारस असतो, लॅब्डेनम नावाची झुडपाची राळ असते, कधी केशराचा कडवट सूर असतो. बीव्हर या प्राण्याच्या ग्रंथीतून मिळणारा पदार्थही पूर्वी वापरीत. आता बहुधा त्याच्या जागी कारखान्यात बनवलेली द्रव्ये असतात. आयसोब्युटाइल क्विनोलिन हे रसायन तर या वासाचा कणाच आहे.

भूर्जाचे तेलच का? रशियात कमावलेल्या कातड्याला हे तेल चोळीत, त्यामुळे ते पाण्यात टिके आणि कीड लागत नसे. कच्च्या कातड्याचा वास कोणालाही सोसवत नाही. आपण ज्याला चामड्याचा सुवास म्हणतो, तो बराचसा कमावणाऱ्याच्या मसाल्याचा वास आहे. फ्रान्समधील ग्रास हे गाव आज अत्तरासाठी जगभर प्रसिद्ध आहे. 2018 मध्ये युनेस्कोने तेथील अत्तरविद्येची वारसा म्हणून नोंद केली. पण मुळात ते कातडी कमावणाऱ्यांचे गाव. हातमोज्यांचा उग्र वास झाकण्यासाठी त्यांना फुलांचा वास देऊ लागले आणि त्यातूनच अत्तराचा धंदा वाढला.

शिंप्याच्या दुकानातली बाटली

आम्हा कापडवाल्यांना विशेष वाटेल असे उदाहरण व्हिएन्नाचे आहे. तेथे 1858 मध्ये सुरू झालेली क्नीझे ही शिलाईची पेढी आहे. उंची सूट शिवणाऱ्या या पेढीने 1920 च्या दशकात ‘क्नीझे टेन’ नावाचा चामड्याच्या वासाचा पुरुषी सेंट काढला. पोलोच्या खेळात सर्वांत वरच्या दर्जाच्या खेळाडूला दहाचा आकडा मिळतो, त्यावरून हे नाव पडले. घोडा, खोगीर, बूट आणि उत्तम शिवलेला कोट असलेल्या गिऱ्हाइकाचे चित्र त्या नावातच आहे. पॅरिसची एर्मेस ही कंपनीही 1837 मध्ये घोड्याच्या सामानाचा धंदा म्हणून सुरू झाली. 1986 मध्ये तिने ‘बेल आमी’ हा चामडी सेंट आणला. 2007 च्या टॉम फोर्डच्या ‘टस्कन लेदर’पर्यंत हाच धागा चालत आला आहे.

म्हणजे ती शख्सियत वासात नाही, आठवणीत आहे. युरोपात चामडे म्हणजे घोडेस्वाराचे खोगीर आणि पुढे मोटारीची गादी. आपल्याकडे चामडे म्हणजे विहिरीवरची मोट, भिश्त्याची मशक, कोल्हापुरी चप्पल. धारावीत कातडी कमावण्याचे कारखाने होते तेव्हा लोक नाकाला रुमाल लावून जात, आणि त्या वासात राबणाऱ्या माणसाला कमी लेखीत. आज त्याच वासाचे नाव घेतलेली बाटली रुबाबाची खूण ठरते. वासाला ही इज्जत मिळाली, पण राबणाऱ्याला ती अजून पुरती मिळालेली नाही.

आपल्या अत्तराशी चामड्याचे एक जुने नाते मात्र आहे. कनौजमध्ये देग-भपक्यातून उतरलेले अत्तर उंटाच्या कातड्याच्या कुप्पीत भरून ठेवतात. अत्तरात राहिलेला पाण्याचा अंश कातड्यातून उडून जातो आणि तेल आत राहते. काचेला हे काम जमत नाही.

घेताना व विकताना

हा वास जड आहे. वर लिंबू-बर्गमॉटचा ताजेपणा असतो, तो पाव तासात उडतो. खरे चामडे त्यानंतर उघडते. म्हणून कागदाच्या पट्टीवर लावून लगेच सौदा करू नये. मनगटावर लावून तासाभराने हुंगावे. कापड आम्ही हात लावून, उजेडात धरून घेतो, तीच सवय येथे ठेवावी.

लेबलवरचा ‘व्हॉल्यूम’ हा टक्का अल्कोहोलचा असतो, खुशबूचा नव्हे. ज्यांना अल्कोहोल नको त्यांच्यासाठी तेलातले ‘लेदर’ मिळते. पण त्याचा रंग गडद असेल तर पांढऱ्या कुर्त्यावर किंवा रेशमावर लावू नये, डाग सहज जात नाही. टेरिलिन-पॉलिएस्टर तेलाचा वास धरून ठेवते. धुतल्यावरही तो राहतो आणि शिळा लागतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत, लोकलच्या गर्दीत, एक थेंब पुरे. हिवाळ्याच्या संध्याकाळी दोन चालतील.

दुकानदार बंधूंनी गिऱ्हाइकाला साफ सांगावे की यात चामडे नाही, त्याचा आभास आहे. परदेशी बाटलीच्या वासावर बेतलेले तेल असेल तर तेही सांगावे, मूळ माल म्हणून विकू नये. आणि घेणाऱ्या तरुणाने हिशोब ठेवावा. मुलाखतीत खुशबू दोन मिनिटे बोलेल, पुढची वीस मिनिटे त्याला स्वतः बोलायचे आहे. इस्त्रीचा सदरा आणि पॉलिश केलेले बूट घेऊन पैसे उरले, तर शिशी जरूर घ्यावी.