निरभ्र आकाशाखाली चढणारी नदी

वसईजवळच्या तुंगारेश्वरच्या डोंगरावरून गोखिवरे गावाच्या बाजूला उतरणारे ओढे आणि लडाखमधील झांस्कर नदी यांच्यात, दोन्हींचे पाणी खडकांतून खळाळत येते याखेरीज, फारसे साम्य नाही. तरीही कयाकसारख्या एकट्याच्या छोट्या नावेतून अवघड पर्वतीय नदी उतरताना माणसाचा सामना नेमका कशाशी होतो, हे समजून घ्यायला या दोहोंमधला फरकच सर्वांत उपयोगी पडतो. गोखिवऱ्यात आभाळ भरून आले की ओढ्याला पाणी येणार, हे लहान मुलालाही ठाऊक असते. झांस्करच्या खोऱ्यात मात्र दोन-चार दिवस कडक ऊन पडले की नदी फुगते आणि ढग दाटले की बहुधा ओसरू लागते, कारण तिचे उन्हाळ्यातले बरेचसे पाणी हिवाळ्यात साठलेला बर्फ आणि हिमनद्या वितळून आलेले असते व हे वितळणे मुख्यतः सूर्याच्या थेट उष्णतेवर चालते.

ताजा, पांढराशुभ्र बर्फ आपल्यावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशापैकी 80 टक्के किंवा त्याहून अधिक प्रकाश परतवून लावतो, त्यामुळे जूनमध्ये ऊन कडक असले तरी वितळ तुलनेने मंद राहते, आणि वितळलेले पाणीही वरच्या बर्फाच्या थरात मुरत मुरत उशिरा बाहेर पडते. जुलैच्या अखेरीस हा थर उडून खालचे धुळकट, राखाडी हिम उघडे पडते. ते निम्म्याहून अधिक प्रकाश शोषून घेते, शिवाय तोवर हिमनदीच्या पोटात पाण्याने आपले बोगदे कोरलेले असल्यामुळे दुपारी वितळलेले पाणी काही तासांतच तोंडाशी येऊन पोहोचते. म्हणून ऑगस्टमधल्या निरभ्र दिवशी अशा नदीची रोजची भरती-ओहोटी सर्वांत ठळक असते: पहाटे पाणी नीचांकावर, दुपार उलटल्यावर उच्चांकावर.

ही वेळ हिमनदीच्या तोंडाशी लागू पडते. खाली जावे तसे वेळापत्रक सरकत जाते. पेन्सी ला खिंडीजवळच्या द्रांग-द्रुंग हिमनदीतून निघणारी डोडा नदी पदुमजवळ त्सारपला मिळते, या संगमापासून पुढे झांस्कर हे नाव चालते आणि ती नदी खोल घळीतून वाहत निमू येथे सिंधूला मिळते. पाण्याची फुगवट ताशी सुमारे 7 किलोमीटर वेगाने पुढे सरकते असे धरले, तर 70 किलोमीटर अंतर कापायला तिला 10 तास लागतील, म्हणजे दुपारचे ऊन मध्यरात्रीनंतर नदीतून जाईल. त्यात प्रत्येक उपनदी आपापल्या वेळेने भर घालत असते. त्यामुळे नवख्या ठिकाणी मुक्कामाला उतरलेले कयाकपटू काठावर पाण्याच्या कडेला दगडाची खूण करून ठेवतात आणि ती खूण केव्हा बुडते व केव्हा उघडी पडते यावरून त्या जागेचे वेळापत्रक ठरवतात.

वेळेला एवढे महत्त्व का, याचे उत्तर खडकांमागे आहे. प्रवाहातून वर डोकावणाऱ्या मोठ्या धोंड्यामागे पाण्याची पातळी किंचित खाली असते आणि ती भरून काढण्यासाठी पाणी उलटे, वरच्या दिशेला वळते. या शांत जागेला कयाकपटू ‘एडी’ म्हणतात. सहा-आठ जणांचा रबरी राफ्ट आपल्या आकाराच्या बळावर बऱ्याच लाटा चिरडत जातो, पण कयाक हलकी व अरुंद असल्यामुळे तिचा चालक एका एडीतून दुसऱ्या एडीत शिरत, दर वेळी थांबून पुढचा टप्पा न्याहाळत नदी उतरतो. पातळी अर्धा मीटर चढली की यातल्या अनेक एडी बुडून जातात, थांबायला जागा उरत नाही, आणि सकाळी ज्या धोंड्याआड विसावा मिळाला असता त्याच धोंड्यावरून आता पाणी कोसळू लागते. नद्यांच्या अवघडपणाची 1 ते 6 अशी आंतरराष्ट्रीय श्रेणी वापरात आहे. परंतु हिमनदीवर पोसलेल्या नदीला एकच आकडा चिकटवणे अपुरे ठरते, कारण एकाच दिवसात तोच टप्पा वरच्या श्रेणीत जाऊ शकतो.

धोंड्यावरून कोसळणाऱ्या पाण्याचे गणित मुळातून पाहण्यासारखे आहे. एक मीटर खोल पाण्यात लाट सेकंदाला सुमारे 3.1 मीटर वेगाने सरकते, तर एक मीटर उंचीवरून कोसळलेल्या पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे 4.4 मीटर होतो. म्हणजे प्रवाह लाटेपेक्षा वेगवान ठरतो. हा पातळ, वेगवान थर पुढच्या संथ व खोल पाण्यावर आदळला की पातळी एकदम उसळते, आणि उसळलेले फेसाळ पाणी पृष्ठभागावरून पुन्हा धोंड्याकडे, म्हणजे उलट्या दिशेने कोसळत राहते. या फिरत्या पाण्याला ‘होल’ म्हणतात. त्यात सापडलेली नाव जागच्या जागी गरगरते, फेसात हवा मिसळलेली असल्याने लाईफ जॅकेटही नेहमीइतके तरंगवत नाही आणि वल्ह्याला धरायला घट्ट पाणी मिळत नाही. सुटकेचा मार्ग बहुधा होलच्या टोकांना असतो, कारण नैसर्गिक धोंडा वेडावाकडा असतो व त्याच्या बाजूंनी प्रवाह पुढे निसटतो. बंधाऱ्याची सरळ भिंत मात्र काठापासून काठापर्यंत एकसारखे होल तयार करते, त्याला टोकच नसते. म्हणून जेमतेम पुरुषभर उंचीचा बंधारा दिसायला निरुपद्रवी असला, तरी भरल्या पाण्यात पोहणाऱ्यासाठी तो कित्येक खडकाळ टप्प्यांहून घातक असतो, आणि गावोगावी बंधारे असलेल्या महाराष्ट्रात ही गोष्ट शाळेतच शिकवली जायला हवी.

हिमनदीच्या पाण्यात याखेरीज दोन अडचणी असतात. जात्यात दाणे भरडावेत तसा हिमनदी आपल्या तळचा खडक भरडते, त्या भुकटीने पाणी राखी, अपारदर्शक होते आणि बुडालेले दगड दिसत नाहीत. दुसरी अडचण थंडीची. पाणी हवेच्या सुमारे 25 पट वेगाने उष्णता वाहून नेते. अतिशीत पाण्यात पडताच पहिल्या मिनिटात धाप आपोआप लागते, आणि पुढच्या दहाएक मिनिटांत बोटांची पकड सुटू लागते. उलटलेली कयाक, आतच बसून राहून, कंबरेच्या झटक्याने सुलटी करण्याचे कौशल्य, ज्याला ‘रोल’ म्हणतात, येथे जीवनावश्यक ठरते ते यामुळेच.

महाराष्ट्रात हिमनदी नाही, तरी घड्याळाबरहुकूम चढणारी नदी आहे. रायगड जिल्ह्यातील कोलाडजवळ कुंडलिका नदीत सकाळी जे खळाळते पाणी येते, ते वीजनिर्मितीसाठी सोडलेले असते. मुळशी धरणात अडवलेले, एरवी मुळा-मुठा, भीमा आणि कृष्णा या वाटेने बंगालच्या उपसागराला मिळाले असते असे पाणी घाटमाथ्यावरून सुमारे 500 मीटर खाली भिरा येथील वीजकेंद्रात उतरते, आणि तेथून कुंडलिकेत येऊन अरबी समुद्राकडे जाते. हे केंद्र 1927 मध्ये सुरू झाले. त्याआधी धरणाखाली जमिनी गेलेल्या मावळातील शेतकऱ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह केला होता, आणि कोलाडच्या लाटांवर आनंद लुटणाऱ्या प्रत्येकाने तो इतिहास जाणून घ्यावा, अशी अपेक्षा चुकीची नाही.

तुंगारेश्वरच्या ओढ्यांना मात्र उन्हाचे किंवा विजेचे कसलेही वेळापत्रक नाही. डोंगर सहाशे मीटरहून उंच, उतार तीव्र, ओढे जेमतेम काही किलोमीटरचे आणि बेसॉल्टवरची माती पातळ. जुलैत ती एकदा भिजून तृप्त झाली की माथ्यावरच्या सरीचे पाणी तासाभरातच पायथ्याला पोहोचते, आणि तेही खाली गोखिवऱ्यात ऊन असताना. याच डोंगरातल्या चिंचोटीच्या धबधब्यावर पर्यटक बुडण्याच्या दुर्घटना वारंवार घडल्या व प्रशासनाला पावसाळ्यात बंदी घालावी लागली, त्यामागे हे अल्पकालीन गणितही आहे. अशा ओढ्यात नाव घालू नये याचे आणखी एक कारण म्हणजे आडव्या पडलेल्या फांद्या, कुंपणाच्या तारा आणि रस्त्याखालच्या मोऱ्या: त्यांतून पाणी पार होते, माणूस अडकतो, आणि मागून येणारा प्रवाह त्याला तेथेच दाबून धरतो.

झांस्करचे वेळापत्रकही अभंग नाही. 31 डिसेंबर 2014 रोजी फुकतालजवळ दरड कोसळून त्सारपचा प्रवाह अडला, मागे कित्येक किलोमीटर लांब तलाव साचला आणि 7 मे 2015 रोजी तो फुटून खालचे पूल वाहून गेले. त्या पुराचा सूर्याच्या रोजच्या चढ-उताराशी काही संबंध नव्हता. द्रांग-द्रुंग हिमनदी मागे हटत असून तिच्या तोंडाशी आता तळे साचले आहे. हिमनदी आक्रसू लागली की काही दशके वितळीचे पाणी वाढते आणि नंतर कायमचे घटत जाते. तोंडाशी तळे असेल तर दुपारची फुगवट आधी त्यात पसरते, उशिरा व बोथट होऊन बाहेर पडते, आणि तळ्याचा बांध ढासळण्याचा नवा धोका तिच्या जोडीला येतो. डोडेच्या काठी पाणी केव्हा चढते याचे वाटाड्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत असलेले ठोकताळे त्यामुळे येत्या काळात नव्याने मोजून घ्यावे लागणार आहेत.